एकतीस इंची हौस आणि त्रेचाळीस दात

मोठे टायर लावायची हौस माझीच, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. माझ्या जुन्या महिंद्रा जीपचे, एमएम ५४०चे, ६.००-१६ मापाचे टायर काढून ३१ इंची चढवले. दिसायला झकास. पण ताम्हिणी चढताना दुसरा गिअर दमायला लागला. तिसरा तर विसराच.

मेस्त्री म्हणाले, "साहेब, क्राऊन-पिनियन बदला." म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी: क्राऊन मोठं, पिनियन छोटं. किती रेशोचे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे, ते मात्र मलाच ठरवायचं होतं. ही जोडी जिथे बसते ते डिफ्रेन्शियल उघडून दात मोजले: क्राऊनला ३९, पिनियनला ८, म्हणजे ४.८८. जुना टायर टेपने मोजला तर जेमतेम २८ भरला. ४.८८ गुणिले २८ भागिले ३१, उत्तर ४.४. टायर बदलून मी नकळत गाडीचा रेशोच ढिला केला होता! उलटा हिशोब, म्हणजे ४.८८ गुणिले ३१ भागिले २८, केला तर हवे होते ५.४. जुन्या विलीज जीपच्या घराण्यातला ४३ बाय ८ चा जोड आहे ५.३८. सोन्याहून पिवळं.

खर्च मात्र दुप्पट. फोर-व्हीलमध्ये पुढचा-मागचा रेशो सारखाच लागतो, नाहीतर शाफ्ट एकमेकांशी भांडतात. पुढचा जोड मिळायला चार महिने आणि जुन्या बाजाराच्या सहा फेऱ्या लागल्या. शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली बारीक फट, जुळवायला मेस्त्रींनी अख्खा दिवस घेतला. घाई केली असती तर डिफ्रेन्शियल रडत बसलं असतं.

आता दुसऱ्यावर घाट चढते. स्पीडोमीटरही पुन्हा खरं बोलतो. सत्तरच्या पुढे इंजिन ओरडतं, पण ते आधीही ओरडायचंच.