अण्णांच्या मांडीवरची चिंगी

आज दुपारी चिंगी अण्णांच्या मांडीवर जाऊन झोपली आणि एवढ्याशा गोष्टीने माझी दुपार नासली. पन्नाशी उलटलेल्या माणसाने मांजराच्या पिल्लाने आपल्याला डावलले म्हणून खट्टू होऊन बसावे, हे लिहितानाही संकोच वाटतो. मालतीला फोनवर सांगितले, तर ती आधी पोटभर हसली आणि मग "तुझे हे नेहमीचेच" म्हणाली. नेहमीचेच म्हणजे काय, हे मी विचारले नाही.

चिंगीला घरात आणल्यापासून तिचे सगळे मी करतो. तिचे खाणे मी देतो, वाळूचा ट्रे मी साफ करतो, दवाखान्यात मीच घेऊन जातो. गाईचे दूध मांजरांना सहसा पचत नाही, पोट बिघडते, हे शेजारच्या काकूंना पटवून देताना त्यांची नाराजीही मीच पत्करली. अण्णांनी मात्र पहिल्याच दिवशी "ही ब्याद माझ्या पायांत येता कामा नये" एवढे बजावून वर्तमानपत्र पुन्हा डोळ्यांसमोर धरले होते. त्यानंतर त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, निदान माझ्यादेखत तरी नाही.

ती आली तेव्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचे वजन साडेआठशे ग्रॅमच्या आसपास भरले होते, आणि डोळ्यांचा निळेपणा जाऊन हिरवट छटा येऊ लागली होती. म्हणजे वय दोन महिन्यांच्या आगेमागे. तिरंगी असल्यामुळे मादीच असणार, हे डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले आणि वयाचा अंदाजही खरा ठरवला. मला काळजी वाटली ती वयाचीच. पिल्लांना माणसाची सवय लागण्याचा खरा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा मानतात. त्या दिवसांत प्रेमाने हाताळलेले पिल्लू पुढे माणसाला बिचकत नाही. तो काळ टळून गेला, तर तेच काम सावकाश आणि फार धीराने करावे लागते. चिंगीचा तो काळ कुणाच्या तरी बंद दुकानाच्या फळ्यांमागे, पावसाच्या आवाजात गेला होता. घरात आल्यावर तिने आईच्या शिवणयंत्राखालची जागा धरली. त्या यंत्रावरचे आच्छादन बाजूला करायची वेळ आली, ती तिच्यामुळे. असो.

मी सगळे रीतसर केले. यंत्रासमोर जमिनीवर बसायचे, तेही तिच्याकडे तोंड करून नव्हे, तर थोडे आडवे. ती लपली असेल, तर ओढून काढायचे नाही, कारण लपायची जागा सुरक्षित आहे हे कळल्याशिवाय ती बाहेर येण्याचे धाडस करणार नाही. नजरेला नजर रोखायची नाही, कारण मांजरांच्या जगात टक लावून पाहणे ही धमकी असते. त्याऐवजी डोळे अर्धवट मिटायचे, क्षणभर तसेच ठेवायचे आणि हळूच उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये या मिचकावण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाने असे सावकाश डोळे मिटले की मांजरेही बहुधा तसेच उत्तर देतात, आणि अशा माणसाने पुढे केलेल्या हाताजवळ, अगदी तो परका असला तरी, अधिक विश्वासाने येतात, असे त्यांना आढळले. ते वाचून मी इतक्या निष्ठेने डोळे मिटत राहिलो की, तुमच्या डोळ्यांत काही गेले आहे का, असे काकूंनी खिडकीतून विचारले.

आणि त्याचे फळ मिळालेही होते. परवा मी तर्जनी तिच्या नाकाच्या उंचीवर धरून बसलो असताना ती यंत्राच्या पायट्यावरून मान लांब करून आली. आधी हुंगले. तिच्या मिशा, ज्या एरवी गालांना चिकटलेल्या असत, त्या पंख्याप्रमाणे पुढे पसरल्या. मग तिने ओठाचा कोपरा माझ्या नखावर घासला, एकदा उजवा आणि एकदा डावा. तिथे गंध सोडणाऱ्या ग्रंथी असतात, आणि मांजर तो गंध ज्याला लावते, ते आपल्या ओळखीच्या वस्तूंत जमा करते. पुढच्याच क्षणी रस्त्यावरून रिक्षा गेली. तिचे कान बाजूंना आडवे झाले, बाहुल्या पसरून डोळ्यांतला हिरवा रंग जवळजवळ नाहीसा झाला, पाठीच्या कातडीवरून एक बारीक शिरशिरी धावली. मी हात लगेच मागे घेतला. घाबरलेल्या प्राण्याचा नकार त्याने पंजा मारण्यापूर्वीच ओळखावा, एवढे आता मला येते. त्या रात्री, वस्तूंत का होईना, आपली नोंद झाली, म्हणून मी खुशीत होतो.

आज पडवीत अण्णा जेवण उरकून आरामखुर्चीत पडले होते. चिंगी खोलीच्या उंबऱ्यावर आली, तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी डोळे मिटून उघडेपर्यंत ती माझ्यावरून पुढे निघून गेली होती. शेपूट सरळ वर आणि टोक किंचित वळलेले. ओळखीच्या, आपल्या वाटणाऱ्या जिवाकडे जातानाच मांजर अशी शेपटी धरते. खुर्चीच्या हातावरून ती लुंगीवर उतरली, दोन्ही पुढच्या पंजांनी आळीपाळीने लुंगी मळू लागली आणि घुरघुरू लागली. पिल्ले आईला लुचताना दूध उतरावे म्हणून असेच पंजे चालवतात. नखे नक्कीच टोचत असणार, पण अण्णा हलले नाहीत.

मी लबाडीही करून पाहिली. घुरघुरणे म्हणजे सुखच असे नाही. भ्यालेली, आजारी, वेदनेत असलेली मांजरेही घुरघुरतात, आणि दवाखान्यातल्या टेबलावर चिंगीही घुरघुरली होती. तेव्हा ही घुरघुर सुद्धा भीतीची असू शकेल, असा एक दुबळा युक्तिवाद मी मनाशी मांडला. पण कान पुढे होते, बाहुल्या बारीक होत्या, शेपूट शांत पडली होती, आणि थोड्या वेळाने ती कुशीवर वळून पोट उघडे टाकून झोपली. वाचायला शिकलेल्या माणसाची हीच पंचाईत असते. समोर जे लिहिले आहे, ते न वाचण्याची सोय राहत नाही.

मग अण्णांचा हात तिच्या पाठीवर आला. झोपेत आला की जागेपणी, ते कळले नाही. तो तिथेच राहिला, आणि मधूनमधून करंगळी तिच्या कानामागे फिरत होती. तो हात इतका हलका असू शकतो, हे मला... जाऊ दे. मला अण्णांचा हेवा वाटत होता, असे मी दुपारभर समजत होतो. संध्याकाळी दिवा लावताना शंका आली की, हेवा कदाचित चिंगीचा असावा. या शंकेत फार खोल जायची माझी आज तरी तयारी नाही.

त्याऐवजी मी हिशेब मांडला, आणि तो मांडताना मलाच हसू येऊ लागले. मी जे कष्टाने करतो, ते अण्णांना वयाने आयते दिले आहे. गुडघ्यांमुळे ते झटकन उठत नाहीत. ऐकू कमी येत असले तरी स्वतः हळूच बोलतात. पिल्लाला उचलायला वाकणे त्यांना शक्यच नाही. दिवसातला बराच वेळ त्यांचे डोळे अर्धे मिटलेले असतात, अगदी ससेक्सवाल्यांनी सांगितलेल्या गतीने उघडतात आणि मिटतात, आणि त्यांना चिंगीकडून काहीही नको असते. मी डोळे मिटत होतो, पण त्या पापण्यांखाली माझा सगळा अर्ज तयार होता, आणि तिला तो वास येत असला पाहिजे. शिवाय तिला दवाखान्यात नेणारे, कानात औषध घालणारे हात माझेच. श्रावण असल्यामुळे घरात मासळीही नाही, त्यामुळे लाच देऊन बाजी पलटवण्याचा मार्गही सध्या बंद आहे. अण्णांनी चोरून काही खाऊ घातले असेल, अशी आशा होती. पण तसा काही पुरावा मिळाला नाही.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये वडगलै आणि तेंगलै असे दोन पंथ झाले. भक्ताने देवाला माकडाच्या पिल्लासारखे आपल्या बळाने घट्ट धरावे, की मांजरीच्या पिल्लासारखे निश्चिंत पडून राहावे आणि ती मानगूट धरून नेईल तिकडे जावे, हा त्यांच्यातला वाद, मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर या न्यायांचा. हा मला लहानपणी अण्णांनीच समजावला होता. आमच्या घरात पात्रे उलटी पडली आहेत. निश्चिंत पडून राहिले ते अण्णा, आणि पिल्लू आपण होऊन आले. माकडासारखा धरून बसलेला मात्र मीच.

चिंगीच्या लशीचा पुढचा डोस आता द्यायचा आहे, पहिल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी देतात तो, आणि रेबीजची लस तिला तीन महिने पूर्ण झाल्यावर. टोपली मीच काढणार, तिला त्यात मीच घालणार, म्हणजे आणखी काही दिवस माझ्या बोटाजवळ कुणी येत नाही. तेव्हा टोपली आधीच खोलीत उघडी ठेवून त्यात तिचे फडके अंथरले आहे, म्हणजे ती नुसती दवाखान्याची वस्तू राहू नये. मालती म्हणाली, एवढे आहे तर अण्णांनाच ने की. रात्री मी त्यांना विचारले.

"माझा काय संबंध?" अण्णा म्हणाले, आणि जरा थांबून, "किती वाजता जायचंय?"