फर्मागुढीचा चढ आणि पस्तिसावा टप्पा

फोंडा, गुरुवार, 4 जुलै 2024

काल रात्री पाने वाढून झाली तरी मी टीव्हीसमोरून हललो नाही. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा पाचवा टप्पा सां-व्हुल्बा या गावी संपत होता आणि 39 वर्षांच्या मार्क कॅव्हेंडिशने, आपल्याहून तेरा वर्षांनी लहान असलेल्या यास्पर फिलिप्सनला मागे टाकून, टूरमधला आपल्या कारकिर्दीतला पस्तिसावा टप्पा जिंकला. बेल्जियमच्या एडी मर्क्सचा 34 टप्प्यांचा विक्रम मोडला. गेल्या वर्षी बोर्दोला ऐन धावेत चेन सरकल्यामुळे तो याच फिलिप्सनकडून हरला होता आणि दुसऱ्याच दिवशी पडून त्याचे कॉलरबोन मोडले होते. तेव्हा वर्षअखेरीस थांबण्याचे त्याने आधीच जाहीर केले होते. तो शब्द त्याने मागे घेतला.

परवाच्या शनिवारी मात्र, रिमिनीच्या वाटेवरल्या उन्हात सायकलवर बसूनच ओकणारा कॅव्हेंडिश पाहून, याने आता घरी बसावे, असे मी म्हणून गेलो होतो. काल हिने ते आठवणीने परत केले. “अहो, याला घरी बसवणारे तुम्हीच ना?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

कॅव्हेंडिशच्या आदल्या दिवशी जन्मलेला ख्रिस फ्रूम या वेळी शर्यतीत नाही. चार वेळा टूर जिंकलेल्या या माणसाने 2018 साली जिरो ही इटलीची शर्यत जिंकली आणि 2019 च्या जूनमधल्या अपघातात त्याच्या मांडीचे हाड मोडले. त्यानंतर एकही मोठे यश नाही. 2022 मध्ये आल्प द्युएझच्या घाटात तो तिसरा आला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पण पुढच्या वर्षी आणि यंदाही त्याच्या संघाने त्याला टूरसाठी निवडले नाही.

दोघांचे वय एकच असले तरी केव्हा थांबावे हा प्रश्न दोघांचा एक नाही, हे आज सकाळी मला चढावर उमगले. स्प्रिंटरला, म्हणजे शेवटच्या धावेत जिंकणाऱ्याला, दिवसभर इतरांच्या आडोशाने जपता येते, त्याचे स्वतःचे काम शेवटच्या काही सेकंदांचे असते. तीन आठवडे घाटामागून घाट पहिल्यांबरोबर राहण्याची ज्याची रीत, त्याला असे कोण लपवणार? शनिवारी कॅव्हेंडिशसोबत मागे राहून त्याला वेळमर्यादेच्या आत आणणाऱ्या सहकाऱ्यांनी स्वतःची शर्यत त्याच्यावर ओवाळून टाकली होती. संघात जागा आठच असतात. ते सहकारी जोवर राजीखुशीने थांबतात तोवर त्याने खुशाल धावावे, आणि संघच सलग दोनदा नाव वगळतो तेव्हा मात्र आणखी कोणाला विचारायचे उरत नाही, असे मला वाटते. फ्रूमबद्दल हे लिहिताना वाईट वाटते, पण खोडत नाही.

फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोचे मला पूर्वी फार कौतुक होते. बत्तिसाव्या वाढदिवशी थांबणार असे त्याने आधीच सांगून ठेवले आणि 1986 च्या नोव्हेंबरात तो खरोखरच थांबला, त्याच उन्हाळ्यात टूरमध्ये दुसरा आलेला असताना. बाणेदारपणाच तो, पण आता वाटते, पायांत उरलेल्या एवढ्या बळाचे त्याने पुढे केले तरी काय?

माझी गोष्ट वेगळी, मला कोणी पगार देत नाही. एकसष्टीनंतर मी मागे 34 दातांचा मोठा गियर बसवून घेतला (मर्क्सचा आकडा, हा निव्वळ योगायोग). आज पावसाने उघडीप दिली तेव्हा फर्मागुढीच्या वळणावर त्यानेही भागेना, म्हणून उतरलो. मागून पोयांची (गोव्याच्या पावांची) टोपली घेतलेला पोदेर, म्हणजे पाववाला, येत होता, तोही उतरला आणि गणपतीच्या देवळापर्यंत आम्ही दोघे सायकली ढकलत गेलो. अर्ध्या वाटेत त्याने भोंगा वाजवला, कोणासाठी ते कळले नाही.

आजचा दिजाँपर्यंतचा टप्पाही सपाटीचा आहे. साडेसातलाच जेवून घ्यायचे आम्ही ठरवले आहे.