आमची वाटचाल: मरत नाही ते झाड विकताना

नाशिकजवळ मखमलाबादहून मातोरीकडे जाताना रस्त्याला लागून आमची रोपवाटिका आहे. जागा सासऱ्यांची, आधी तिथे द्राक्षबाग होती. बाग काढली, शेडनेट उभं केलं आणि सुरुवातीला सगळे करतात तेच आम्हीही केलं. दिवाळीच्या आधी पिटुनिया, डायन्थस, शेवंती, पॅन्सी काळ्या पिशव्यांत भरायची आणि फेब्रुवारीपर्यंत विकायची. मार्च लागला की ही फुलं करपायला लागतात. गिऱ्हाईक कुंड्या रिकाम्या करून कोपऱ्यात उपड्या घालून ठेवतं. मग पाऊस येईपर्यंत गल्ल्यात खडखडाट.

उन्हाळ्यात फुलणारी, वर्षानुवर्षं टिकणारी झाडं करायची असं मी आणि यांनी ठरवलं तेव्हा दादांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एकच विचारलं. "हंगामी रोप मरतं म्हणून माणूस परत येतो. जे मरतच नाही ते एकदा विकलं की संपलं. पुढच्या वर्षी काय विकाल?" दादांचा हिशेब आयुष्यभर द्राक्षाच्या पेट्यांमध्ये झालेला, ते उगाच बोलत नाहीत. त्यांच्या प्रश्नाला तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. झाड मात्र हाती आलं होतं, डेलिली.

गंगापूर रोडला जुने बंगले पाडून इमारती उभ्या राहत होत्या. तिथल्या एका काकूंनी जेसीबी येण्याआधी फोन केला, "कंपाउंडच्या कडेची लिली घेऊन जा गं, मातीत जायला नको." आम्ही टेम्पोभर बेटं उपटून आणली. जुनी नारिंगी डेलिली ती. हिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी जवळपास धरतच नाही. मुळांतून धुमारे सोडते आणि पसरते. म्हणजे अशी लिली एका अंगणातून दुसऱ्या अंगणात गेली ती कोणीतरी हाताने उपटून दिली म्हणूनच. फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं ते कायमचं, पण एका दांड्यावर दहा-पंधरा कळ्या आणि एका बेटात कितीतरी दांडे. रोज नवं फूल. चैत्रात सुरू झालेला बहर चांगल्या बेटावर मृगापर्यंत चालतो.

त्या नारिंगीवर धंदा उभा राहत नाही. लोकांना पिवळी, मोतिया, डाळिंबी, मध्ये गडद डोळा असलेली, झालरीच्या कडांची अशी सगळी हवी असते. अमेरिकेत १९४६ साली स्थापन झालेल्या डेलिली संस्थेकडे नव्वद हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. त्यातल्या आपल्याकडे मिळतात त्या मूठभर. काही आम्ही कालिम्पाँगच्या रोपवाटिकांकडून मागवल्या. काही परवाना काढून आयात करणाऱ्यांकडून घेतल्या. रोगमुक्तीचा दाखला आणि आयातीचा परवाना असल्याशिवाय परदेशी कंद-मुळं देशात आणता येत नाहीत, हे सूटकेसमधून कंद आणणाऱ्या हौशी मंडळींनी लक्षात घ्यावं.

यातून कळलं ते असं, की जात निवडताना रंग दुसरा, पानं पहिली. डेलिलीच्या काही जाती थंडीत पानं पूर्ण टाकून झोपतात, काही अर्धवट टाकतात, काही बारमाही हिरव्या राहतात. आपल्याकडे निफाडला पारा खाली गेल्याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते, तरी झोपणाऱ्या जातींना ही थंडी अपुरीच. त्यांना आठवडेच्या आठवडे गारठा लागतो. म्हणून नाशिकला बारमाही हिरव्या जाती घ्याव्यात. १९७५ ची 'स्टेला दे ओरो' ही बुटकी, सोनेरी, पुन्हा पुन्हा फुलणारी जात इंटरनेटवर सगळ्यांना दिसते, आणि ती नेमकी झोपणाऱ्यांपैकी. मागायला आलेल्याला आम्ही हे स्पष्ट सांगतो आणि शेजारच्या कुंडीतली बारमाही पिवळी दाखवतो. थंड हवेतल्या पिओनीचं तर बोलायलाच नको. तिला नाशिकची थंडी कळतच नाही.

दुसरा प्रश्न मातीचा. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि जुलैत चिखल होते. डेलिलीची मुळं मांसल, पाणी साठवणारी. उन्हाळ्यात दोन दिवस पाणी चुकलं तर झाड मरत नाही, फक्त कळ्या गळतात. पावसाळ्यात पाणी तुंबलं तर मात्र बुंधा सडतो आणि पान ओढलं की अख्खा फुटवा हातात येतो. म्हणून आम्ही लाल माती, जुनं शेणखत आणि घोटीच्या भातगिरण्यांतली तूस मिसळतो, वर मूठभर निंबोळी पेंड. जमिनीत लावायची तर वीतभर उंच वाफा करून लावतो. बुंधा इंचभरापेक्षा खोल जाऊ द्यायचा नाही. द्राक्षवाल्या घरातून आलेली गिऱ्हाइकं हमखास विचारतात, "शून्य बावन्न चौतीस मारू का?" म्हणजे द्राक्षाला देतात ते स्फुरद-पालाशचं खत. नका मारू. शेणखतावर ही झाडं खूश असतात. आणि युरिया तर अजिबात नको, नाहीतर नुसती पानं माजतात.

उन्हाचं म्हणाल तर पिवळ्या आणि नारिंगी रंगाला दिवसभराचं ऊन चालतं. डाळिंबी आणि जांभळट फुलं मात्र एप्रिलच्या दुपारी बारानंतर चिंधीसारखी होतात. त्यांना सकाळचं ऊन आणि दुपारची सावली असलेली जागा द्यावी. पाथर्डी फाट्याकडच्या नव्या इमारतींमधून पश्चिमेच्या बाल्कनीवाले येतात, त्यांना आम्ही गडद रंग देतच नाही.

बेट फोडण्याची खरी वेळ पावसाळा सरल्यावरची, म्हणजे ऑक्टोबर. आणि ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाची छाटणी! पेठ-सुरगाण्याहून येणारी माणसं त्या दिवसांत दिंडोरी-निफाडच्या बागांत, आम्हाला कोण मिळणार? त्यामुळे आमचं काम दिवाळीनंतर होतं, शेजारच्या वाडीतल्या बायकांना शिकवून घेतलेलं. बेट उपटायचं, पाइपने माती धुवायची, हातानेच ओढून दोन-दोन, तीन-तीन फुटवे वेगळे करायचे, पानं वीतभर ठेवून कापायची. पानांवर तांबेरा दिसला तर ती पानं जमिनीलगत कापून बाहेर काढायची, कंपोस्टात टाकायची नाहीत. आता या बायकांचा हात माझ्यापेक्षा हलका झालाय. विळा न लावता बेट कुठून सुटतं ते त्यांना बोटांनाच कळतं.

दादांच्या प्रश्नाचं उत्तर या कामातच मिळालं. एका फुटव्याचे वर्षा-दीड वर्षात तीन-चार होतात. तीन-चार वर्षांत गिऱ्हाइकाची कुंडी गच्च भरते आणि फुलं कमी येऊ लागतात. मग ते परत येतं, रोप मेलं म्हणून नव्हे, तर फार झालं म्हणून. आम्ही घरी जाऊन बेट फोडून, नवी माती भरून देतो आणि त्याची मजुरी घेतो. जास्तीचे फुटवे कोणी आम्हाला दिले तर बदल्यात दुसऱ्या रंगाचा एक फुटवा. बाकीचे फुटवे शेजारी, नणंद, ऑफिसमधल्या मैत्रिणी यांच्याकडे जातात आणि त्या आपल्या रंगाच्या शोधात आमच्याकडे येतात. आमच्या सीएंना ही अदलाबदल पटत नाही, बिल कशाचं फाडायचं म्हणतात. जिवंत झाडांवर जीएसटी नाही आणि प्लास्टिकच्या कुंडीवर आहे, हे मात्र त्यांनीच पहिल्यांदा समजावलं. दादा हल्ली मजुरीची वही स्वतः लिहितात.

२०२० च्या लॉकडाऊननंतर कुरिअर सुरू झालं. माती नसलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं डेलिलीचं मूळ भोकं पाडलेल्या खोक्यात चार-पाच दिवस आरामात राहतं. पुणे, संभाजीनगर, नागपूर सगळीकडे जातं. एप्रिल-मे सोडून. त्या दोन महिन्यांत कोणी कितीही आग्रह केला तरी आम्ही पाठवत नाही.

विक्रीआधी एक प्रश्न आम्ही न चुकता विचारतो: घरी मांजर आहे का? डेलिलीचं पान, फूल, अगदी परागही मांजराच्या मूत्रपिंडांना घातक असतात, जीव जाऊ शकतो. हो म्हटलं की कर्दळ दाखवायची. गिऱ्हाईक हिरमुसतं, पण इथे तडजोड नाही. आणि मोबाइलवर निळ्याशार डेलिलीचा फोटो दाखवून "याचं बी मिळेल?" विचारणारे दर आठवड्याला असतात. खरी निळी डेलिली अजून कोणी तयार केलेली नाही. शिवाय संकरित जातीचं बी लावलं तर आईसारखंच फूल येईल असंही नाही.

बाकीच्या झाडांचं थोडक्यात. फायरबॉल लिली मे महिन्यात एकदाच लाल गोळा दाखवते आणि लोक तेवढ्यासाठी वर्षभर कुंडी सांभाळतात. पावसाळी लिली वळवाच्या सरीनंतर चार-पाच दिवसांत फुलते, नव्याने सुरुवात करणाऱ्याने हीच घ्यावी. गौरा आणि गेलार्डियाला ऊन सोसतं, पण गेलार्डिया दोन-तीन वर्षांत दमतो. अ‍ॅगापँथसच्या नादी लागू नये, नाशिकच्या मे महिन्यात तो रुसून बसतो.

सध्या हे स्वतः परागीकरण करून बघतायत. उन्हं चढायच्या आत, कारण उकाडा वाढला की बी धरत नाही. बावीस गुणसूत्रांच्या जातीचा चव्वेचाळीसवालीशी सहसा मेळ बसत नाही, म्हणून प्रत्येक कुंडीला रंगीत दोरा बांधलाय. रोपं वाफ्यात आहेत, पहिली फुलं बहुधा पुढच्या उन्हाळ्यात. त्यातलं काय विकायचं आणि काय उपटायचं ते फुलं पाहून ठरेल.

बेटं फोडायचं काम यंदाही दिवाळीनंतरच. फुटवे बदलायला आणणार असाल तर माती धुऊन, पानं कापून, आणि रंग लिहिलेली चिठ्ठी बांधून आणा. चिठ्ठी नसेल तर फूल येईपर्यंत तो फुटवा आमच्याकडेच राहील.