एक छोटासा चेंज

सात वर्षं पुण्यातल्या एका आर्किटेक्ट फर्ममधे काढली. काम काय, तर वर्किंग ड्रॉइंग्ज, जिन्याचे डिटेल, टॉयलेटच्या टाइल्सचे लेआउट. हाताने पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे इमारत झाल्यावर कशी दिसेल त्याचं चित्र, काढायची खाज मात्र कॉलेजपासूनची. 2022 च्या मार्चमधे राजीनामा दिला तेव्हा सर म्हणाले, "अगं आता थ्रीडी व्ह्यू दोन दिवसात होतात, वॉटरकलर कोण घेणार?" त्यांचं चूक नव्हतंच. पण मी मीटिंगांमधे बसून बघितलं होतं की डिझाइन अजून कच्चं असताना कॉम्प्युटरवर केलेला चकाचक रेंडर दाखवला की क्लायंट फरशीच्या रंगावर अडकतो आणि हाताने काढलेलं चित्र दाखवलं की अंगणाबद्दल बोलायला लागतो. एवढ्या भांडवलावर नोकरी सोडून अशी चित्रं काढायला लागले.

सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला होता. आईबाबांचा मेडिक्लेम कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहे हे मात्र डोक्यातच नव्हतं, नोटीस पीरियडच्या शेवटच्या आठवड्यात आठवलं. नवीन पॉलिसी घेतली तर बाबांच्या शुगरला वेटिंग पीरियड, म्हणजे सुरुवातीचा काही काळ क्लेम नाही. मेडिक्लेमची सोय राजीनाम्याच्या आधी करायची असते.

पहिलं काम वाईजवळच्या एका बंगल्याचं, दोन व्ह्यू, प्रत्येकी सहा हजार. चेंज किती करणार हे लिहूनच घेतलं नाही. मग सुरू झालं, "मॅडम, एक छोटासा चेंज आहे." खिडकी दोन फूट सरकली. पोर्चचा कॉलम गेला. आता रंग दिलेल्या कागदावर अन्डू नसतो ना, अख्खं शीट परत! चार वेळा काढलं, शेवटी तासांचा हिशोब मांडला तर समोरच्या झेरॉक्सवाल्याने माझ्यापेक्षा जास्त कमावलं असणार.

आता आधी स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमधे साधा मास मॉडेल, म्हणजे नुसत्या ठोकळ्यांची इमारत, करते, कॅमेरा दीड मीटरवर म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला, तीन अँगल पाठवते, त्यातला एक ठरला की ट्रेसिंगवर पेन्सिल. पेन्सिलमधे दोन चेंज फुकट. व्हॉट्सअपवर लेखी "ओके" आणि अर्धे पैसे आले की मगच ब्रश ओला होतो, त्यानंतरच्या चेंजला 40 टक्के जादा. हे सांगितल्यावर काही जण गायब होतात, होऊ देत.

पैशांचं म्हणाल तर पहिलं मोठं बिल 60 हजारांचं, खात्यात आले 54. तावातावाने फोन केला तर अकाउंटंट शांतपणे म्हणाले, "मॅडम, टीडीएस." म्हणजे बिल देतानाच कापलेला इन्कम टॅक्स. हे दहा टक्के इन्कम टॅक्सच्या साइटवर आपल्या नावावर दिसतात, रिटर्न भरल्यावर टॅक्समधे वळते होतात किंवा परत येतात, पण तोपर्यंत ईएमआय थांबत नाही. वर्षाची बिलं 20 लाखांच्या आत असली तर जीएसटीचं टेन्शन नाही. 20 लाख! असो.

एक काम सोडलंसुद्धा. बिल्डरला ब्रोशरसाठी चित्रात मागे टेकडी हवी होती. साइटवरून टेकडी दिसतच नाही, दिसते ती हाय टेन्शन लाइन. मी रेराचं, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्याचं, नाव काढलं, की अशी जाहिरात बघून कोणी पैसे भरले तर तो भरपाई मागू शकतो. "अहो मॅडम, खाली आर्टिस्ट्स इम्प्रेशन लिहू ना." नाही म्हटलं. मग ते चित्र दुसऱ्या कोणीतरी काढलं, टेकडीसकट, आणि चांगलं काढलंय.

सध्या पावसाळा, वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, सुकतच नाही. सकाळपासून आकाशाचे दोनच थर झालेत आणि माझा हेअर ड्रायर केसांपेक्षा कागदावरच जास्त चालतोय.