जिन्यासारखी सरकलेली स्क्रिप्ट

सकाळी बॅकअपचा फोल्डर उघडला तेव्हा त्यात आदल्या रात्रीची फाइलच नव्हती. त्याच्याही आदल्या रात्रीची नव्हती. ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या क्रॉनच्या नोंदीप्रमाणे बॅकअपची स्क्रिप्ट दोन्ही रात्री ठीक 2 वाजता सुरू झालेली होती आणि कसलीही त्रुटी न देता संपलेली होती.

ही शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालवायच्या आज्ञांची फाइल, दोन दिवसांपूर्वी आमच्या नव्या सहकाऱ्याने स्वतःच्या लॅपटॉपवरून कॉपी करून सर्व्हरवरच्या व्हिम या मजकूर-संपादकात पेस्ट केली होती. मी ती उघडली. पहिल्या काही ओळी जागेवर होत्या, पण त्यांच्याखाली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी अधिक उजवीकडे सरकत गेली होती आणि मजकुराचा अक्षरशः जिना झाला होता.

"तू टॅब वापरले होतेस का?" मी विचारले.

"नाही सर, माझ्याकडे फाइल सरळच दिसते," तो म्हणाला.

टॅबचा संशय माझाच चुकीचा होता. या आज्ञा चालवणाऱ्या शेलला ओळीपुढच्या मोकळ्या जागेचे सहसा काही वाटत नाही, त्यामुळे निव्वळ जिन्याने बॅकअप थांबला नसता. नीट पाहिले तेव्हा लक्षात आले, की पहिल्या टिप्पणीनंतरच्या एकूण एक ओळीच्या सुरुवातीला '#' बसलेला होता. म्हणजे स्क्रिप्टचा सगळा कामाचा भाग टिप्पणी, म्हणजे शेल न चालवता सोडून देतो असा मजकूर, होऊन गेला होता. करण्यासारखे काही उरलेच नसल्यामुळे ती दर रात्री शून्य हा यशाचा संकेत देऊन निमूटपणे संपत होती, आणि काही छापले न गेल्याने क्रॉनने मेलही पाठवला नव्हता.

ओळींची मांडणी ठरवणारी व्हिमची सेटिंग कुठून आली हे पाहायला आम्ही ':व्हर्बोज सेट फॉरमॅटऑप्शन्स?' ही आज्ञा दिली, तेव्हा ते मूल्य शेल स्क्रिप्टसाठीच्या फाइलटाइप प्लगिनने, म्हणजे फाइलचा प्रकार पाहून आपोआप लागू होणाऱ्या जोडणीने, ठरवल्याचे दिसले. त्यातल्या 'आर' या अक्षरामुळे टिप्पणीच्या ओळीवर एंटर दाबताच पुढच्या ओळीला '#' आपोआप मिळतो, आणि ऑटोइंडेंट आधीच्या ओळीची मोकळी जागा पुढे नेतो. हाताने टंकताना ही सोयच आहे. पेस्ट केलेल्या मजकुरातली प्रत्येक नवी ओळ मात्र व्हिमला एंटरच वाटते, आणि मजकुराची स्वतःची मोकळी जागा त्यावर आणखी चढते.

मग लॅपटॉपवर सगळे सरळ का राहिले? तिथे टर्मिनल पेस्टच्या मागेपुढे खास खुणा पाठवते आणि व्हिम 8 पासून त्या ओळखतो. सर्व्हरवर आम्ही एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रे चालवणाऱ्या टीमक्समध्ये काम करतो, तिथे टर्मिनलचे नाव 'स्क्रीन' असे जाते आणि त्या नावासाठी व्हिम या खुणा आपणहून मागत नाही.

फाइल रिकामी करून या आपोआप होणाऱ्या गोष्टी थांबवणारे ':सेट पेस्ट' दिले, मजकूर पुन्हा चिकटवला आणि न विसरता ':सेट नोपेस्ट' केले. स्क्रिप्ट हाताने चालवल्यावर फोल्डरमध्ये त्या दिवसाची फाइल आली. गेलेल्या दोन रात्रींची जागा अजून रिकामीच आहे.