केक डेकेडंट कसा?

"मॅडम, डिक्शनरीत डेकेडंट म्हणजे ऱ्हास पावलेला असं दिलंय. मग आमच्या मेनूत चॉकलेट केकच्या आधी तो शब्द कशाला?"

मुरुड, कर्दे, हर्णैकडच्या हॉटेलांत आणि रिसॉर्टांत काम करणारी मुलं दापोलीला माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. दर सीझनला त्यांच्यातलं कुणीतरी हे विचारतंच. एकाने तर डिक्शनरी बघून आल्यावर गिऱ्हाइकाने न विचारताच खुलासा केला होता, "शिळा नाही सर, कालच पुण्याहून आलाय." सारखं विचारता, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कामापुरतं उत्तर एका ओळीचं आहे. मेनूतल्या डेकेडंटचा अर्थ भरपूर चॉकलेट, भरपूर लोणी, पथ्यपाण्याचा विचार बाजूला ठेवून खायचं, एवढाच. गिऱ्हाइकाला 'व्हेरी रिच' सांगा, भागतं.

पण ऱ्हासाचा शब्द केकपर्यंत पोचला कसा, ही गोष्ट मजेची आहे. मुळात लॅटिनचं क्रियापद 'कादेरे', म्हणजे पडणे. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृतच्या शद् धातूशी, गळून पडण्याशी, लावतात. आधी 'दे' लागला की खाली पडणे. त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'देकादेंतिया', मग फ्रेंच 'देकादांस', आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत डेकेडन्स. दात किडतो तो डिकेसुद्धा याच घरातला, फक्त जुन्या फ्रेंचमधून वेगळ्या वाटेने आला. डेकेड मात्र यांच्यातला नव्हे. तो ग्रीक 'देका'वरून, म्हणजे दहावरून आला. डेकेडन्स म्हणजे दहा वर्षं असं पेपरात लिहिणारे दरवर्षी निघतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम.

या कादेरेचं गोत मोठं आहे. अॅक्सिडेंट म्हणजे येऊन पडलेलं, अचानक ओढवलेलं. कॅडन्स म्हणजे वाक्य संपताना आवाज खाली येतो तो. डेसिड्युअस म्हणजे पानझडी झाड. काटेसावर पान न पान टाकून ऐन फुलात उभी असते, तेव्हा तिला कुणी ऱ्हास म्हणेल का? पण शब्दाचं मूळ तेच. पाश्चिमात्य जगाला ऑक्सिडंट म्हणतात तेही सूर्य त्या दिशेला खाली जातो म्हणून. कर्द्याच्या किनाऱ्यावर पर्यटक संध्याकाळी मोबाईल उंचावून उभे असतात, ते हेच कादेरे टिपायला.

डिक्लाइन मात्र पडण्यातला नाही. त्याचं मूळ कलण्यात, झुकण्यात आहे. उतारावर असलेली वस्तू अजून पडलेली नसते, आणि तिचा दोषही असतोच असं नाही. डेकेडन्समध्ये नुसतं पडणं नाही, दोषारोप आहे. ऐषआराम वाढला, कणा मऊ झाला, म्हणून पडले, असा. फ्रेंच विचारवंत मोन्तेस्क्यूने १७३४ साली रोमन लोकांच्या थोरवीची आणि पडझडीची कारणं सांगणारं पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच हा फ्रेंच शब्द आहे. इंग्रजीत इतिहासकार गिबनने १७७६ पासून त्याच रोमचा इतिहास सहा खंडांत लिहिला, पण नावात डिक्लाइन घेतला, सोबत फॉल. मला गिबनची निवड जास्त सभ्य वाटते, जरी आतल्या मजकुरात त्याने रोमनांना काही सोडलेलं नाही.

पुढे फ्रान्समध्ये गंमत झाली. टीकाकार काही कवी-लेखकांना ऱ्हासाळलेले म्हणून हिणवू लागले, तर त्यांनी ती शिवी बिरुदासारखी मिरवली. त्यांच्यातल्या व्हर्लेन या कवीने १८८३ साली एका सुनीताची सुरुवातच, मी म्हणजे पडझडीच्या शेवटाला आलेलं साम्राज्य, अशा अर्थाच्या ओळीने केली. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये 'ल देकादां' नावाचं नियतकालिकच निघालं. शिवीचा दागिना एकदा झाला की पुढचं काम जाहिरातवाल्यांचं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हा शब्द गोड पदार्थांना चिकटला, आणि तिथून लॅमिनेट केलेल्या मेनूवर बसून आपल्या किनाऱ्याला लागला.

वर्गात यावर नेहमी पुढचा प्रश्न येतो. "मग आपल्या दाभोळचं काय म्हणायचं? डिक्लाइन की डेकेडन्स?" प्रश्न रास्त आहे. खाडीपलीकडच्या धोपाव्याला जायला फेरीबोटीची वाट बघत जेट्टीवर थांबलात, की जवळच आदिलशाहीतली दगडी मशीद दिसते. मोठा घुमट, चार मिनार, कोरीव काम. एवढी इमारत या गावात कुणी आणि कशाला बांधली असेल, असं नवख्याला वाटतंच. कारण आजचं दाभोळ म्हणजे मासळी, रिक्षा, आणि पलीकडे जाणाऱ्यांची घाई. पण बहामनी काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचं बडं बंदर होतं. घोडे इथे उतरत, कापड इथून जाई. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने ते लुटून जाळलं. आता याला डेकेडन्स म्हणायचं का? दाभोळवाले गोडधोड खाऊन सुस्तावले होते म्हणून तर जळले नाहीत. जाळणाऱ्याचं पाप जळणाऱ्याच्या माथी मारू नये. तिथे डिस्ट्रक्शन लिहा.

राजापूरला डिक्लाइन चालेल. सतराव्या शतकात तिथे इंग्रजांची वखार होती, गलबतं खाडीतून वर गावापर्यंत जात. नंतर खाडी गाळाने भरत गेली, व्यापार मुंबईने ओढला. यात कुणाचे चोचले नाहीत. तरी एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणात किंवा शाळेच्या निबंधात "कोकणाचा ऱ्हास कोकणी माणसाच्या आळसामुळे" छापाचं वाक्य येतंच, आणि मग मी लाल पेन काढते. चाकरमानी मुंबईला गेला तो गिरणीत राबायला. आळशाने एवढी यातायात केली नसती.

तेव्हा परीक्षेत साधा नियम धरा. किंमत, उत्पादन, लोकसंख्या, तब्येत उतरली तर डिक्लाइन. लाकूड, दात, भिंत आतून खराब झाली तर डिके. डेकेडन्स फक्त तेव्हाच, जेव्हा ऐषआरामाने नीती सैल झाली असं तुम्हाला म्हणायचं आहे आणि ते सिद्ध करायची तयारीही आहे.

आणि उच्चार. जोर पहिल्या अक्षरावर द्या, डेकडन्स. मधल्या 'के'वर जोर देऊन डिकेडन्स म्हणणारेही आहेत, काही शब्दकोश तोही उच्चार देतात. मुलाखतीत पहिला वापरा.