रंकाळ्याच्या उन्हात वाचता येणारा टॅबलेट

वडिलांना वर्तमानपत्रांची संकेतस्थळे वाचता यावीत म्हणून टॅबलेट निवडताना मी सर्वांत आधी शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या दगडी भिंतींचा विचार केला. राउटर सोप्यात आणि वडील परड्याकडच्या खोलीत. ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय वेगवान असले तरी जाड भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते आणि २.४ गिगाहर्ट्झचे तुलनेने दूर पोहोचते, म्हणून दोन्ही पट्ट्यांवर चालणारेच उपकरण घ्यायचे ठरवले.

रॅम, म्हणजे चालू कामापुरती तात्पुरती स्मृती, ४ जीबीपेक्षा कमी नको होती, कारण ती अपुरी पडली की ब्राउझर मागे उघडी ठेवलेली पाने स्मृतीतून काढून टाकतो आणि त्यांच्याकडे परतताच ती नव्याने उतरवू लागतो.

खरा कस पडद्याचा लागला. वडील संध्याकाळी रंकाळ्यावर बसतात, म्हणून दुकानदाराच्या परवानगीने दोन टॅबलेट मी पायरीवर उन्हात धरून पाहिले. एकावर माझाच चेहरा दिसत होता. दुसऱ्यावर ‘वर्तमान’मधला रफारसुद्धा स्वच्छ वाचता आला. सिमकार्डाची सोय मात्र मी सोडून दिली, कारण रंकाळ्यावर त्यांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो.